शेवटचा शब्द कोणत्या फोल्डरचा? एचटीॲक्सेस फाइल समजून घेताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या एखाद्या लहान कारखान्याची वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. मुखपृष्ठ, टॉवेल-नॅपकिनचे फोटो, चादरींची पानं, संपर्काचा फॉर्म, शेजारी एक ब्लॉग आणि एक फोल्डर फक्त डीलर लोकांसाठी, ज्यात घाऊक भावाची पीडीएफ ठेवलेली. साइट ज्या मशीनवर चालते ते मशीन सोलापुरात नसतं. वर्षाचे पैसे भरून घेतलेलं शेअर्ड होस्टिंग असतं, म्हणजे त्याच सर्व्हरवर इतरांच्याही कितीतरी साइट नांदत असतात. सर्व्हरची मुख्य सेटिंग फाइल होस्टिंग कंपनीच्या ताब्यात. आपल्याला ती बदलता तर येत नाहीच, उघडून बघताही येत नाही. आणि ते बरोबरच आहे. एका गिऱ्हाइकाच्या चुकीने सगळ्यांच्या साइट बंद पडल्या तर कंपनीने धंदा कसा करायचा?

पण डीलरच्या फोल्डरला पासवर्ड तर लावायचाय. जुन्या पानावर येणारं गिऱ्हाईक नव्या पानावर न्यायचंय. फोटोंच्या फोल्डरमध्ये काय काय आहे याची यादी जगाला दिसू द्यायची नाही. मुख्य फाइलला हात न लावता हे सगळं कसं जमवायचं?

त्यासाठी अपाची या वेब सर्व्हरमध्ये, म्हणजे मागितलेली पानं ब्राउझरला पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक सोय आहे. ज्या फोल्डरचे नियम बदलायचे त्याच फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवायची. तिचं नाव एचटीॲक्सेस, आणि नावाच्या आधी एक टिंब. या फाइलमधले नियम त्या फोल्डरला आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या फोल्डरना लागू होतात. ही कल्पना अपाचीपेक्षाही जुनी. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात जो वेब सर्व्हर तयार झाला होता, त्याच्यापासून ती आली. त्याच सर्व्हरला ठिगळं लावत लावत १९९५ मध्ये अपाची उभा राहिला, आणि ही फाइल त्याच्याबरोबर आजवर टिकून आहे.

लेखात आज्ञा मी देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, आणि जोडून आलेले शब्द जोडूनच ठेवायचे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आज्ञांची यादी पाठ करायला लावत नाही. इंटरनेटवर तयार तुकडे ढिगाने मिळतात. तुकडा चिकटवूनही काम का होत नाही, हे ज्याला शोधता येतं त्याला ही फाइल कळली. त्यासाठी दोन गोष्टी पक्क्या हव्यात: सर्व्हर ही फाइल कधी आणि कोणत्या क्रमाने वाचतो, आणि तिला किती अधिकार दिलेत. पुढचं सगळं या दोहोंतून निघतं.

वाचण्याचा क्रम

डीलरने भावाची पीडीएफ मागितली. समजा ती सर्व्हरवर /होम/टॉवेल/पब्लिक_एचटीएमएल/डीलर/ या फोल्डरमध्ये आहे. फाइल देण्याआधी अपाची वरून खाली येत प्रत्येक टप्प्यावर थांबतो: अगदी मुळाचं फोल्डर, मग होम, मग टॉवेल, मग पब्लिक_एचटीएमएल, शेवटी डीलर. जिथे जिथे परवानगी आहे तिथे तिथे एचटीॲक्सेस नावाची फाइल आहे का ते बघतो, असेल तर वाचतो आणि सगळ्यांचे नियम एकावर एक रचत जातो. वरच्या आणि खालच्या फाइलचं जमलं नाही, तर खालच्या, म्हणजे मागितलेल्या फाइलच्या जास्त जवळच्या फोल्डरचा शब्द चालतो.

हे सगळं दर मागणीला नव्याने होतं. पानावर तीस फोटो असतील तर त्या तीसही फोटोंसाठी हीच फेरी. म्हणून या फाइलमधला बदल सेव्ह केल्याक्षणी लागू होतो, सर्व्हर बंद-चालू करावा लागत नाही. आणि म्हणूनच ती थोडी महागही पडते, कारण फाइल असो वा नसो, सर्व्हरला दरवेळी प्रत्येक फोल्डरमध्ये डोकवावं लागतं. लहान साइटला हा भार जाणवतही नाही. मात्र सेव्ह करताच लागू होते म्हटल्यावर चूकसुद्धा सेव्ह करताच लागू होते.

पासवर्डच्या बाबतीत या क्रमाचा अर्थ नीट पाहा. डीलर फोल्डरला पासवर्ड लावला की आतल्या ‘जुने भाव’ या फोल्डरलाही तो आपोआप लागतो. पण त्या आतल्या फोल्डरमध्ये कुणी वेगळी फाइल ठेवली आणि तिच्यात ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ अशी एकच ओळ लिहिली, तर ‘जुने भाव’ सगळ्यांना उघडं होतं. बाहेर पासवर्ड मागतोय, आत सरळ लिंक टाकली की पीडीएफ उघडतेय. परवानगीच्या बाबतीत आतला नियम बाहेरच्या नियमात मिसळत नाही, तो बाहेरच्याची जागाच घेतो.

याला एक अपवाद आहे, तो लक्षात राहिला तर पुष्कळ वेळ वाचतो. ‘फाइल्स’ किंवा ‘फाइल्समॅच’ या कंसात लिहिलेले नियम सर्व फोल्डरचे साधे नियम रचून झाल्यावर लागतात. बाहेरच्या फाइलमध्ये ‘पीडीएफ कुणालाही देऊ नका’ असं फाइल्समॅचमध्ये लिहिलं असेल, तर आतल्या फोल्डरची साधी ‘सगळ्यांना द्या’ ही ओळ त्याच्यापुढे चालत नाही. आतही फाइल्समॅचच लिहावं लागतं.

अधिकार किती

एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला की करारात लिहिलेलं असतं: बोर्ड लावा, रॅक ठोका, पण भिंत पाडायची नाही आणि मेन मीटरला हात लावायचा नाही. सर्व्हरच्या मुख्य फाइलमधली ‘अलाउओव्हरराइड’ ही आज्ञा म्हणजे असाच करार. कोणत्या फोल्डरमधल्या एचटीॲक्सेसला काय बदलू द्यायचं ते तिथे ठरतं.

करारात गट असतात. ‘ऑथकॉन्फिग’ म्हणजे पासवर्ड आणि कुणाला आत सोडायचं ते. ‘फाइलइन्फो’ म्हणजे रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवणं), पत्त्याची फिरवाफिरव, चुकीच्या पत्त्यावर दाखवायचं पान, अक्षरसंच. ‘इंडेक्सेस’ म्हणजे फोल्डरच्या यादीचं रूप आणि कोणतं पान आधी उघडायचं ते. ‘लिमिट’ आणि ‘ऑप्शन्स’ हे आणखी दोन. इथे पुष्कळ जण फसतात, कारण फोल्डरची यादी बंद करणारी ‘ऑप्शन्स मायनस इंडेक्सेस’ ही ओळ इंडेक्सेस गटात मोडत नाही, तिला ऑप्शन्सचा अधिकार लागतो. या गटांशिवाय ‘ऑल’ म्हणजे सगळं चालेल आणि ‘नन’ म्हणजे काहीच नाही.

अपाचीच्या २.४ मालिकेत, जी २०१२ मध्ये आली, काहीच लिहिलं नसेल तर ‘नन’ धरलं जातं. त्याआधी ‘ऑल’ धरलं जायचं. घरी लॅपटॉपवर उबुंटू टाकून अपाची चालू केला की हाच अनुभव येतो: फाइल जागेवर आहे, नाव बरोबर आहे, एकेक अक्षर बरोबर आहे, आणि काहीच होत नाही. एररसुद्धा येत नाही. उबुंटूच्या मुख्य फाइलमध्ये साइटच्या फोल्डरसाठी ‘नन’ लिहिलेलं असतं, त्यामुळे सर्व्हर तुमच्या फाइलकडे बघतच नाही.

हे तपासायची सगळ्यात सरळ रीत अपाचीच्या स्वतःच्या मार्गदर्शनातही दिलेली आहे. फाइलच्या पहिल्या ओळीत मुद्दाम काहीतरी निरर्थक लिहा आणि पान उघडा. ५०० क्रमांकाची एरर (सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडलं असं सांगणारी) आली, तर फाइल वाचली जातेय, दोष तुमच्या नियमात आहे. पान जसंच्या तसं उघडलं, तर फाइल वाचलीच जात नाही, नियमांवर डोकं घालवू नका. अर्धा मिनिट लागतो. मी मुलांना इतर काही बघण्याआधी हेच करायला सांगतो, मात्र चालत्या साइटवर नाही, चाचणीच्या फोल्डरमध्ये.

‘नन’ असेल तर सर्व्हर गप्प बसतो, पण अर्धवट अधिकार असतील तर तो गप्प बसत नाही. पासवर्डचा अधिकार आहे, ऑप्शन्सचा नाही, आणि तुम्ही ऑप्शन्सची ओळ लिहिलीत, तर पूर्ण फोल्डर ५०० देतं. एररच्या लॉगमध्ये (सर्व्हर चुका लिहून ठेवतो त्या फाइलमध्ये) ‘नॉट अलाउड हिअर’ असे शब्द दिसतात. ही ओळ दिसली की उपाय होस्टिंग कंपनीकडेच, तिकीट टाका आणि नेमका कोणता गट हवा ते लिहा.

साइट गेली म्हणजे काय होतं

कारखान्यात हा प्रसंग असा घडतो.

“अरे, साइट उघडंना झालीय. पुण्याचं गिऱ्हाईक फोनवर आहे, त्याला काय सांगू?”

“मालक, पाच मिनिटं थांबा. लॉग बघतो.”

“सकाळी तर चालू होती की.”

“सकाळी मीच जुन्या पानाचा रीडायरेक्ट टाकलाय, मालक. त्यातच काहीतरी अडकलंय.”

साइट सांभाळणारं पोरगं शहाणं आहे, ते अंदाज बांधत बसत नाही. होस्टिंगच्या पॅनलमध्ये एरर लॉग उघडतं आणि शेवटची ओळ वाचतं. तिथे आधी फाइलचा पूर्ण पत्ता असतो, मग मजकूर: ‘इनव्हॅलिड कमांड’, पुढे अवतरणात चुकलेला शब्द, आणि त्यापुढे ‘परहॅप्स मिसस्पेल्ड ऑर डिफाइन्ड बाय अ मॉड्यूल नॉट इन्क्लुडेड इन द सर्व्हर कॉन्फिगरेशन’. म्हणजे एक तर स्पेलिंग चुकलंय, नाहीतर ही आज्ञा ज्या मॉड्यूलची, म्हणजे सर्व्हरच्या जोडभागाची, आहे ते मॉड्यूल या सर्व्हरवर चालू नाही. रीडायरेक्टची ओळ लिहिताना शेवटचं एक अक्षर राहून गेलं होतं. अक्षर टाकलं, सेव्ह केलं, साइट आली.

पत्ता वाचणं फार महत्त्वाचं. बिघाड ब्लॉगच्या फोल्डरमध्ये असतो आणि माणसं मुखपृष्ठाच्या फोल्डरमधली फाइल तपासत बसतात. लॉग स्वतः फाइलचं नाव सांगतो, मग शोधाशोध कशाला?

छोट्या पण नेहमी नडणाऱ्या दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. टीप लिहायची असेल तर ती स्वतंत्र ओळीवर, सुरुवातीला हॅश लावून लिहायची. आज्ञेच्याच ओळीत पुढे हॅश लावून लिहिलेलं अपाचीला चालत नाही. आणि विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल सेव्ह केली की नावामागे टीएक्सटी चिकटतं, ते दिसतही नाही, आणि अशा नावाची फाइल सर्व्हर ओळखत नाही. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडायचं.

डीलरचा पासवर्ड

याला चार ओळी लागतात. ‘ऑथटाइप बेसिक’. ‘ऑथनेम’ आणि अवतरणात खिडकीवर दिसायचं नाव. ‘ऑथयूजरफाइल’ आणि पासवर्डच्या फाइलचा मुळापासूनचा पूर्ण पत्ता. शेवटी ‘रिक्वायर व्हॅलिड-यूजर’. पूर्ण पत्ता अशासाठी, की अर्धवट पत्ता लिहिला तर सर्व्हर तो तुमच्या फोल्डरपासून मोजत नाही, स्वतः जिथे बसवलाय तिथून मोजतो, आणि फाइल त्याला सापडत नाही.

पासवर्डची फाइल पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर, एक पायरी वर ठेवा. ब्राउझरमधून जिथपर्यंत पोचताच येत नाही तिथे. ती तयार करायला एचटीपासडब्ल्यूडी नावाचं छोटं साधन अपाचीबरोबर येतं, त्याला पासवर्ड उलगडता येणार नाही असा साठवणारी बीक्रिप्ट पद्धत वापरायला सांगता येतं, तेच सांगा. बहुतेक होस्टिंग पॅनलमध्ये ‘फोल्डरला पासवर्ड’ असं बटणही असतं, ते मागच्या मागे हेच करतं.

आणि साइटला एचटीटीपीएस, म्हणजे माहिती कुलूपबंद करून नेणारी जोडणी, नसेल तर हे करून फार उपयोग नाही. बेसिक पद्धतीत नाव आणि पासवर्ड दर मागणीबरोबर जातात आणि ते फक्त बेस६४ मध्ये घातलेले असतात. ते कुलूप नव्हे, कुणीही क्षणात उलगडू शकतो. एसटी स्टँडवर बसून फुकटच्या वायफायवरून भाव बघणाऱ्या डीलरचा पासवर्ड वाटेत वाचता येतो. एचटीटीपीएस असेल तर वाटेत पासवर्ड दिसत नाही.

पत्ते फिरवणं: खरी गुंतागुंत इथे

पत्ते बदलणाऱ्या रीराइट मॉड्यूलला सगळे घाबरतात. भीती नियमातल्या चिन्हांची असते, पण माझ्या मते त्रास चिन्हांमुळे कमी आणि जागेमुळे जास्त होतो. तोच नियम मुख्य फाइलमध्ये एक वागतो आणि एचटीॲक्सेसमध्ये दुसरं.

मुख्य फाइलमध्ये नियम लागतो तेव्हा सर्व्हरसमोर पूर्ण पत्ता असतो, सुरुवातीच्या तिरक्या रेघेसकट. एचटीॲक्सेसची पाळी येते तोवर सर्व्हरने पत्त्यावरून फाइल शोधलेली असते आणि तो त्या फोल्डरमध्ये पोचलेला असतो. तो फोल्डरपर्यंतचा भाग कापून उरलेला तुकडाच नियमापुढे ठेवतो. त्यामुळे तिरक्या रेघेने सुरू होणारा नियम कुठून तरी उचलून इथे चिकटवला, तर तो कधीच जुळत नाही. एररही येत नाही. ‘नियम बरोबर आहे पण चालत नाही’ अशा तक्रारीत मी पहिल्यांदा ती रेघ बघतो.

फाइल शोधून झाल्यावर पत्ता बदलला, तर सर्व्हरला सगळी फेरी पहिल्यापासून करावी लागते. नवा पत्ता, पुन्हा वरून खाली, पुन्हा हीच फाइल, पुन्हा हेच नियम. समजा जुनी साइट हलवून ‘नवीन’ या फोल्डरमध्ये टाकली आणि नियम लिहिला की जे मागाल ते ‘नवीन’मध्ये बघ, पुढे ‘एल’ हा झेंडा, म्हणजे लास्ट, लावला. लिहिणाऱ्याला वाटतं, एल लावलाय म्हणजे इथे संपलं. पण एल फक्त ही फेरी संपवतो. पुढच्या फेरीत पत्ता असतो ‘नवीन/टॉवेल’, तोही नियमाला जुळतो, होतो ‘नवीन/नवीन/टॉवेल’. असं १० वेळा झालं की अपाची थांबतो, ५०० देतो आणि लॉगमध्ये लिहितो की अंतर्गत रीडायरेक्टची १० ची मर्यादा ओलांडली. उपाय दोन: ‘पत्ता आधीच नवीनने सुरू होत नसेल तरच’ अशी अट ‘रीराइटकाँड’ने घालायची, किंवा २.४ मध्ये एलऐवजी ‘एंड’ लावायचा, तो खरोखर सगळं संपवतो.

वर्डप्रेस (साइट आणि ब्लॉग चालवायचा तयार प्रोग्राम) वापरणाऱ्यांच्या फाइलमध्ये असाच विचार केलेला दिसतो. ‘मागितलेली गोष्ट खरोखरची फाइल नसेल, खरोखरचं फोल्डरही नसेल, तरच इंडेक्स डॉट पीएचपीकडे पाठव’ एवढाच त्या ओळींचा अर्थ. म्हणून फोटो थेट मिळतो आणि लेखाचा सुबक पत्ता मात्र वर्डप्रेसकडे जातो. ‘बिगिन वर्डप्रेस’ आणि ‘एंड वर्डप्रेस’ या दोन टीपांच्या मध्ये तुमचं काही लिहू नका. वर्डप्रेस तो भाग पुन्हा लिहून काढतो आणि तुमची ओळ जाते. त्याच्या वर लिहा.

आता सगळ्यात जास्त माणसांना चकवणारी गोष्ट. बाकीचे नियम वरच्या फोल्डरकडून वारशाने येतात, पण आतल्या फाइलमध्ये रीराइटची एखादी ओळ असेल तर रीराइटचे येत नाहीत. मुखपृष्ठाच्या फोल्डरमध्ये ‘सगळ्यांना एचटीटीपीएसवर न्या’ हा नियम आहे, आणि ब्लॉग फोल्डरमध्ये वर्डप्रेसची स्वतःची फाइल आहे, जिच्यात ‘रीराइटइंजिन ऑन’ लिहिलंय. ब्लॉगमध्ये पाऊल पडताच वरचे रीराइट नियम पुसले जातात, सगळेच. मुखपृष्ठ एचटीटीपीएसवर, ब्लॉग उघड्यावर. मालक मुखपृष्ठ बघतात, कुलपाचं चिन्ह दिसतं, समाधान होतं. वारसा द्या असं सांगायला ‘रीराइटऑप्शन्स इनहेरिट’ आहे, पण त्यात वरचे नियम खालच्यांच्या नंतर लागतात आणि वर्डप्रेसने तोवर मागणी पळवलेली असते. एचटीटीपीएसची अट आणि नियम ब्लॉगच्या फाइलमध्येही वर्डप्रेसच्या वर सरळ पुन्हा लिहावेत, हे मला जास्त पसंत. सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसतं.

त्याच नियमाचा आणखी एक फेरा. साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा असेल आणि ती तुमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलत असेल, तर गिऱ्हाईक एचटीटीपीएसवर असूनही सर्व्हरला ते साधंच वाटतं. तो पुन्हा एचटीटीपीएसवर पाठवतो, पुन्हा तेच, आणि ब्राउझर ‘खूप रीडायरेक्ट झाले’ म्हणून हात वर करतो. मधली सेवा सर्व्हरशी एचटीटीपीएसनेच बोलेल असं तिच्या सेटिंगमध्ये करायचं.

रीडायरेक्ट तपासताना ३०२, म्हणजे तात्पुरता, वापरा, पक्का झाला की ३०१ करा. ३०१ म्हणजे कायमचा, ब्राउझर तो लक्षात ठेवतो. मग सर्व्हरवर दुरुस्ती केली तरी तुमचा ब्राउझर जुन्याच वाटेने जात राहतो.

देवनागरी पत्ते आणि चार भाषांची पानं

सोलापूरच्या साइटवर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू पानं असणं अगदी साहजिक आहे. मराठी पत्ते असलेली पानं तर आता सर्रास असतात. ‘/सोलापुरी-चादर’ हा पत्ता कॉपी करून पेस्ट केला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, कारण एकेक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंचात तीन बाइटचं असतं आणि दर बाइटला टक्का व दोन अक्षरं लागतात. ती माळ बघून माणसं तीच नियमात लिहितात आणि नियम जुळत नाही. सर्व्हर टक्के उलगडून मगच नियमाशी ताडतो. म्हणून फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून नियमात सरळ देवनागरी लिहायची. साधी ‘रीडायरेक्ट’ आज्ञाही अशीच वागते.

यात एक खास आपला मराठी अडथळा आहे. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे पुष्कळ, तेव्हा ‘/ॲप्रन’ असा पत्ता घ्या. यातला ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘अ’ला न दिसणारा जोडक आणि अर्धचंद्र लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. पान एका कीबोर्डवरून तयार झालं आणि नियम दुसऱ्या कीबोर्डवरून लिहिला, तर डोळ्यांना तंतोतंत सारखं दिसणारं सर्व्हरला वेगळं दिसतं. अशा वेळी नियमातला शब्द टाइप करू नये, ब्राउझरच्या पट्टीतून उचललेला पत्ता उलगडून तोच चिकटवावा.

पानावर मराठीऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसत असेल तर ‘ॲडडिफॉल्टकॅरसेट यूटीएफ-८’ ही ओळ बघा. सर्व्हरने पाठवलेला अक्षरसंच पानात लिहिलेल्या मेटा टॅगपेक्षा वरचढ ठरतो. पण पूर्वी निराळ्या फाँटांत बनवलेली पानं एखाद्या ‘जुने’ फोल्डरमध्ये असतील, तर याच ओळीने ती बिघडतात. तिथे त्या फोल्डरपुरती फाइल ठेवून तीच आज्ञा ‘ऑफ’ करायची. फोल्डरगणिक सेटिंगचा याहून नेमका उपयोग मला ठाऊक नाही.

फोटोंचं फोल्डर

संपर्काच्या फॉर्ममधून गिऱ्हाईक डिझाइनचा फोटो पाठवतं, तो अपलोडच्या फोल्डरमध्ये पडतो. फॉर्ममध्ये कच्ची जागा असेल तर फोटोऐवजी कुणी पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामची) चढवतो आणि ब्राउझरमधून ती चालवून साइट ताब्यात घेतो. या एका फोल्डरमध्ये दोन गोष्टी आजच करा. ‘ऑप्शन्स मायनस इंडेक्सेस’, म्हणजे फोल्डरचा पत्ता टाकून यादी दिसणार नाही. आणि फाइल्समॅचमध्ये डॉट पीएचपीने संपणारी नावं धरून आत ‘रिक्वायर ऑल डिनाइड’. पीएचपी बंद करायची ‘पीएचपी_फ्लॅग इंजिन ऑफ’ ही जुनी ओळ पीएचपी अपाचीच्या पोटात चालत असेल तरच समजते. पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपी वेगळा प्रोग्राम म्हणून, चालवणाऱ्या होस्टिंगवर ती ५०० देते. तिथे पीएचपीच्या फोल्डरगणिक सेटिंगसाठी यूजर डॉट आयएनआय नावाची वेगळी फाइल असते, तिच्याही नावाआधी टिंब, आणि तिच्यातला बदल लागू व्हायला ५ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो.

जुन्या लेखांतून उचललेल्या ‘ऑर्डर डिनाय,अलाउ’ आणि ‘डिनाय फ्रॉम ऑल’ या ओळी २.२ च्या काळातल्या आहेत. २.४ मध्ये त्यांची जागा ‘रिक्वायर’ने घेतली. जुळवून घेणारं मॉड्यूल असेल तर त्या अजून चालतात, पण एकाच फाइलमध्ये जुनं-नवं मिसळलं की कोण जिंकलं ते कळेनासं होतं. एक पद्धत धरा, नवी.

मूळ फाइल जगाला दिसू नये याची काळजी अपाचीच घेतो, टिंब-एचटीने सुरू होणारी नावं तो कुणाला देत नाही. पण बदल करण्याआधी ‘एचटीॲक्सेस_जुनी’ अशी टिंब नसलेली प्रत तिथेच ठेवलीत, तर ती कुणीही वाचू शकतो, पासवर्डच्या फाइलच्या पत्त्यासकट. प्रत आपल्या संगणकावर ठेवा.

ही फाइल केव्हा वापरू नये

सर्व्हर पूर्ण तुमचा असेल तर. स्वतःचा व्हीपीएस (फक्त तुमच्या ताब्यातला आभासी सर्व्हर) घेतलाय, मुख्य फाइल हातात आहे, तर हेच नियम तिथे ‘डिरेक्टरी’च्या कंसात लिहा आणि अलाउओव्हरराइड ‘नन’ करा. अपाचीचा सल्लाही असाच आहे. सर्व्हरचं दर मागणीला डोकावणं वाचतं, आणि चालू करण्याआधी कॉन्फिगटेस्ट ही आज्ञा चुका दाखवते. एचटीॲक्सेसमधल्या चुका त्या तपासणीत येत नाहीत, त्या थेट गिऱ्हाइकाला दिसतात. रीराइटचे नियम हलवताना मात्र वर सांगितलेली तिरकी रेघ तपासा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या आसपास एखाद्या लॉजच्या साइटवर गर्दी वाढते, तेव्हा हा फरक तिथे जाणवू शकतो. रोजच्या दिवसांत नाही.

शेवटी होस्टिंग बदलण्याबद्दल, कारण नुकसान तिथे होतं. एन्जिनएक्स हा २००४ पासूनचा सर्व्हर एचटीॲक्सेस वाचतच नाही. लाइटस्पीड वाचतो, मायक्रोसॉफ्टचा आयआयएस स्वतःची वेब डॉट कॉन्फिग वापरतो. साइट निव्वळ एन्जिनएक्सवर नेली तर तुमची फाइल तिथे जाते, जागेवर बसते आणि निमूट पडून राहते. एरर नाही, इशारा नाही. डीलर फोल्डरचा पासवर्ड नाहीसा झालेला असतो आणि घाऊक भाव सगळ्यांना खुले. दुसरी वाट याहून साधी: टर्मिनलवर तारा चिन्ह लावून सगळ्या फाइल कॉपी केल्या की टिंबाने सुरू होणारी नावं मागे राहतात, आणि काही एफटीपी प्रोग्राम व पॅनल ‘लपवलेल्या फाइल दाखवा’ म्हटल्याशिवाय त्या दाखवतही नाहीत. सर्व्हर अपाचीच असतो, फाइलच पोचलेली नसते.

नवी साइट चालू झाली की मुखपृष्ठ बघायच्या आधी ब्राउझरची खासगी खिडकी उघडा आणि डीलरच्या पीडीएफची पूर्ण लिंक टाका. पासवर्ड मागितला नाही, तर डोमेन ताबडतोब जुन्या सर्व्हरकडे वळवा, आणि तो बदल सगळीकडे पोचेपर्यंत ती पीडीएफ नव्या सर्व्हरवरून काढून ठेवा.